योसेफाच्या आठवड्यापर्यंत

२७ ऑक्टोबर, रविवार

शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी, लिहायचं नसतं, म्हणून कालचं आज.

काल तोरा, आम्हा ज्यूंचा धर्मग्रंथ, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाली आणि माझं कार्यही. दर शनिवारी सिनेगॉगमध्ये तोरातला जो ठरलेला भाग, म्हणजे पाराशा, वाचतात, त्यातून निघणारा नैतिक बोध मी प्रार्थनेनंतर चहाच्या वेळी पाच मिनिटांत सांगायचा, अशी परवानगी मुकादमांनी दिली. मुकादम म्हणजे सिनेगॉगचा कारभार पाहणारे म्हातारे गृहस्थ. पूर्वी पोस्टमास्तर होते. म्हणाले, "सांग की. बिस्किटं संपेपर्यंत लोक तसेही थांबतात."

घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून माझ्यावर जबाबदारी आहे. डिग्री भिंतीवर टांगायला नसते. (बाबांनी ती भिंतीवरच टांगली आहे. फ्रेम स्वतः केली, कोपरे इतके नीट जुळवले की सांधा दिसत नाही.)

खरं उद्दिष्ट फक्त इथे लिहिते: बाबा आणि काका यांना बोलतं करायचं. आजोबा गेले त्या दिवशी काका सोफा पोचवायला बाहेरगावी गेले होते. आमच्यात शक्यतो त्याच दिवशी माती देतात. बाबा थांबले नाहीत. काका पोचले तेव्हा माणसं कबरस्तानातून परत येऊन नळावर हात धूत होती. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. वर्कशॉपच्या मधोमध प्लायवूडची भिंत आहे. बाबा सोफ्याचा लाकडी सांगाडा करतात. स्प्रिंग, फोम, कापड काकांचं. एकाला दुसऱ्याशिवाय सोफा पुरा करता येत नाही. म्हणून सांगाडा बाबांच्या शटरमधून फुटपाथवर येतो आणि काकांच्या शटरमधून आत जातो. निरोप सांगायला मध्ये मी किंवा आई.

आता नव्या वर्षी काका-काकू कायमचे ताईकडे, त्यांच्या मुलीकडे, राहायला जाणार. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी पाराशात, भावांनीच गुलाम म्हणून विकलेला योसेफ त्यांना ओळख देतो आणि सगळे गळ्यात पडून रडतात. त्याच दिवशी बाबा आणि काकाही. प्लॅन पक्का.

कालचा बोध: काइन आणि हाबेल. काइन भावाला मारतो आणि वर विचारतो, मी काय त्याचा राखणदार आहे? भावाची विचारपूस करणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे. बोलताना बाबांकडे आणि काकांकडे आळीपाळीने बघत होते. बाबा चहात बघत होते, काका बिस्किटात. सुरुवात उत्तम.

३० ऑक्टोबर, बुधवार

पहाटे उठून पाराशाचा अभ्यास करायचा संकल्प उद्यापासून.

शाळेत माझा मूल्यशिक्षणाचा तास याही आठवड्यात गणिताच्या सरांनी मागितला. दिला. मुलं टाळ्या वाजवतील असं वाटलं होतं, त्यांनी गणिताची वही काढली.

३ नोव्हेंबर, रविवार

नोहा, प्रलयातून नावेत बसून वाचलेला. सगळे लोक प्रलयावर बोलतात. मी मुद्दाम प्रलयानंतरचं घेतलं: नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडतो. बोध: संयम. एवढ्या मोठ्या माणसाचंही पेल्यापायी काय होतं ते सविस्तर सांगितलं.

बसवाले मामा (शाळेची बस चालवतात, शुक्रवारचा आशीर्वादाचा पेला त्यांच्याकडे रविवारपर्यंत चालतो असं आई म्हणते) मध्येच उठून गेले. टोपी विसरले. आत्मपरीक्षण सुरू झालं की माणसाला असं भान राहत नाही.

आईने घरी आल्यावर विचारलं, "तुला दुसरं काही सापडलं नाही का गं त्यात? ती नावेतून सोडलेली कबुतरं वगैरे?"

कबुतरात बोध कमी आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

मामा आले नाहीत. खोकला आहे म्हणे. टोपी आईजवळ.

कालचा बोध: कुरणावरून भांडण नको म्हणून अब्राहाम पुतण्याला, लोटाला, म्हणतो, तू आधी निवड, उरेल ते मी घेईन. मूल्यशिक्षणाचा तास मी गणिताच्या सरांना देते त्यामागेही हेच तत्त्व आहे, हे मला काल बोलता बोलता उमगलं.

पाच मिनिटांची वीस झाली. मुकादमांनी दोनदा घड्याळ कानाला लावून पाहिलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

काल विषय मोठा होता. देव शहराचा नाश करायला निघतो आणि अब्राहाम त्याच्याशी घासाघीस करतो. पन्नास सज्जन सापडले तर वाचवशील? चाळीस? तीस? खाली खाली येत दहावर थांबतो. मी सगळ्यांकडे पाहून विचारलं, आज आपल्यात दहा सज्जन निघतील का?

मुकादम म्हणाले, "बाई, सज्जन राहू दे. दहा उभे राहिले तरी पुरे."

सगळे हसले. काकाही हसले आणि बाबाही, एकाच वेळी. हे लिहून ठेवलं पाहिजे.

त्यांच्या बोलण्याला अर्थ आहे. तोरा बाहेर काढून वाचायला दहा पुरुष लागतात. आमचे मामांना धरून तेरा होते. बायका वर गॅलरीत बसतात, त्या मोजत नाहीत. यावर मी एखाद्या आठवड्यात बोलणार आहे, पण आधी बाबा-काका.

याच पाराशात मला हत्यार सापडलं. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून अब्राहामाची बायको सारा मनात हसते, म्हणते, माझा नवराही म्हातारा झालाय की. देव अब्राहामाला सांगताना नवऱ्याचा भाग गाळतो, ती स्वतःला म्हातारी म्हणाली एवढंच सांगतो. जुने पंडित म्हणतात, घरात शांतता राहावी म्हणून. म्हणजे निरोप थोडा सुधारून सांगायला साक्षात देवाची हरकत नाही.

आणि निरोप तर माझ्याच हातात आहेत!

२० नोव्हेंबर, बुधवार

आज इतिहास घडला.

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा वेटिंग रूमचा सोफा. शाळेतून येताना वर्कशॉपवर गेले. बाबांनी सांगाडा फुटपाथवर आणून ठेवला. म्हणाले, "त्याला सांग, डाव्या हाताला आतून पाचर मारलीय. लाकूड ताणात आहे. तिथे खिळा ठोकलास तर फुटेल, कापड गोंदाने बसव. आणि सांग, दरवेळेसारखी स्वतःची अक्कल चालवू नको."

मी पलीकडच्या शटरमध्ये गेले. काकांच्या तोंडात नेहमीप्रमाणे चार खिळे. मी म्हटलं, "बाबा म्हणाले, सोफा तुमच्यावर सोडलाय. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

काकांनी एकेक करून खिळे तोंडातून काढले. "असं म्हणाला?"

"हो."

"हेच शब्द?"

"भावार्थ हाच."

काका बराच वेळ सांगाड्यावरून हात फिरवत राहिले. म्हणाले, "हात मात्र सुरेख आहे त्याचा. लहानपणापासून." मग शिट्टी वाजवायला लागले. प्लायवूडच्या पलीकडे बाबांचा रंधा थांबला. शिट्टी संपेपर्यंत थांबलेलाच होता.

मी फुटपाथवर उभी राहून रडले. आनंदाने. पाचरेचं सांगायचं राहिलं, पण एवढ्या चांगल्या क्षणी लाकडाचं काय काढायचं? आणि काका काही नवशिके नाहीत. उद्या सांगेन.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

शाळेत मीटिंग होती. पोचायला उशीर झाला. सोफ्याच्या डाव्या हाताला काकांनी खिळा ठोकला. हात मुठीपासून कोपरापर्यंत फुटला. आवाज दोन्ही शटरमध्ये गेला असणार.

काका म्हणाले, "त्याला सांग, म्हणूनच माझ्यावर सोडलंस होय? बापाची माती एकट्याने उरकलीस, आता माझं नावही उरक."

बाबा म्हणाले, "त्याला सांग, मी बजावलं होतं."

दोन्ही निरोप मी पोचवले नाहीत. शांततेसाठी.

डॉक्टरीणबाई सोफा नको म्हणाल्या. त्या नुकत्याच एक दाढ काढून आल्या होत्या, त्यामुळे फार बोलल्या नाहीत. ही एक गोष्ट बरी झाली.

काकांना खरं सांगायचं आहेच. पण रागात असलेल्या माणसाला सत्य सांगणं म्हणजे सत्य वाया घालवणं. योग्य वेळ यावी लागते.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल अब्राहाम गेला. जन्मभर दूर राहिलेले इसहाक आणि इश्माएल एकत्र येऊन बापाला माती देतात. मी दोन दिवस विचार केला, हा विषय घ्यावा की टाळावा. टाळणं भ्याडपणाचं ठरलं असतं. जखमेला हवा लागली पाहिजे.

घेतला. "दोन भाऊ, एक कबर" असं नावही दिलं.

कुणी बिस्किटाला हात लावला नाही. काकूने कप बशीत ठेवला तोही आवाज न करता. बाबा खिडकीशी जाऊन उभे राहिले. काका निघून गेले. खोल परिणाम.

आई रस्ताभर माझ्यापुढे दहा पावलं चालली. घरी कुलूप उघडताना म्हणाली, "तुला शिकवलं ते बरं केलं की वाईट, कळत नाही बघ."

तिचाही गळा भरून आला होता, म्हणून असं तुटक.

१ डिसेंबर, रविवार

याकोब आणि एसाव, जुळे. याकोब एसावचा थोरलेपणाचा हक्क लुबाडतो. आमच्यात जुळे भाऊ आहेतच, एक बेकरीत, एक बँकेत. जिवंत उदाहरण समोर असताना पुस्तकातलं कशाला? म्हटलं, प्रत्येक जुळ्यांत एक एसाव असतो आणि एक याकोब असतो. कोण कोण, ते त्यांनीच ठरवावं.

त्यांनी ठरवायला लगेच सुरुवात केली. बेकरीवाल्याने बँकवाल्याला विचारलं, "घरातलं हिला कुणी सांगितलं?" बँकवाल्याने बेकरीवाल्याला तेच विचारलं. मला कुणीच काही सांगितलं नव्हतं, हे मी सांगायला गेले तर दोघेही एकदम माझ्यावर ओरडले. निदान त्या बाबतीत एकमत झालं.

८ डिसेंबर, रविवार

जुळे आले नाहीत. दहा मोजून. मुकादम दारात उभे राहून बोटांवर मोजत होते, दहावं बोट दुमडलं तेव्हा श्वास सोडला.

मला म्हणाले, "आज दोन मिनिटं. आणि कुणाचं उदाहरण नको. याकोबाच्या मेंढ्यांचं सांग."

मेंढ्यांचं सांगितलं. प्रतिसाद बरा.

१२ डिसेंबर, गुरुवार

काकूकडे गेले. स्वयंपाकघरातली भांडी कागदात गुंडाळून खोक्यात. काकू माझ्याशी नीट बोलते अजून. म्हणाली, "तुझ्या भाषणांचं काही नाही गं. तू लहान आहेस. पण त्या सोफ्याच्या हाताने घात केला. ते म्हणतात, आधी नुसता राग होता, आता भरवसाच उडाला. म्हणतात, त्याला ठाऊक होतं लाकूड फुटणार, तरी मला गोड निरोप धाडला."

मी तिथेच सांगणार होते. तोंड उघडलंही. तिने त्यात शेव नाही, बिस्किट नाही, सरळ दोऱ्याचं टोक दिलं, "धर हे दातात, गाठ मारायची आहे." खोकं बांधून होईपर्यंत तो क्षण गेला.

घरी येताना डोक्यात लख्ख पडलं. योसेफही भावांना लगेच ओळख देत नाही! किती दिवस तंगवतो, धान्याच्या गोणीत पेला लपवतो, आणि मग अगदी शेवटी सगळ्यांसमोर सांगतो. म्हणून तर ते हृदयाला भिडतं. मीही चार जानेवारीला, वाचन झाल्यावर, बाबा आणि काका दोघांसमोर उभी राहून सांगेन: निरोप मी बदलला होता. काकांना कळेल की बाबांनी बजावलं होतं. बाबांना कळेल की काकांपर्यंत ते पोचलंच नाही. उरेल काय? मिठी.

आज स्वयंपाकघरात सांगितलं असतं तर हे सगळं वाया गेलं असतं.

१५ डिसेंबर, रविवार

कालच्या पाराशात पुन्हा दोन भाऊ, याकोब आणि एसाव, बापाला माती देतात. हे मी घातलेलं नाही, तोरातच आहे. तरी वाचन त्या ओळीवर आलं तेव्हा खालून दोन-तीन माणसांनी मान वर करून गॅलरीत माझ्याकडे पाहिलं.

काका चहाला थांबले नाहीत. मी बोध सांगितला नाही. घसा बसला होता.

२२ डिसेंबर, रविवार

योसेफ लहानपणी भावांच्या चहाड्या बापाला सांगत असतो. बोध: चुगली. नाव कुणाचंच घेतलं नाही. "काही लोकांच्या दुकानात गिऱ्हाईक डोळे तपासायला जातं आणि बाहेर येतं ते चार घरांची बातमी घेऊन," एवढंच म्हटलं.

चष्मेवाले जोरजोरात मान डोलावत होते. नंतर म्हणाले, "अगदी बरोबर बोललीस. आहेत असे लोक."

मोठ्या मनाचा माणूस. टीका इतक्या शांतपणे स्वीकारणारे थोडेच.

२९ डिसेंबर, रविवार

काकांच्या बाजूचं शिलाई मशीन कापडात बांधलं. फोमचे तुकडे एका पोत्यात. काकांना म्हटलं, शनिवारपर्यंत थांबा हं, नक्की. म्हणाले, "शब्बाथ करूनच निघणार. दहाच उरलेत. मी उठून गेलो तर माझ्यामुळे तोरा कपाटात राहायची."

बघा. आत किती ओलावा आहे!

भाषण लिहून काढलं. बोलता बोलता एक पाऊल पुढे टाकायचं, डावा हात बाबांकडे, उजवा काकांकडे. आरशासमोर करून पाहिलं. आईने दार उघडून पाहिलं आणि पुन्हा लावलं.

१ जानेवारी, बुधवार

नव्या वर्षाचा संकल्प: मागची सगळी मनं साफ करणं. शनिवारी हॉलमध्ये कुणाच्या मनात अढी नसावी.

बसवाल्या मामांकडे टोपी घेऊन गेले. मामीने टोपी दारातच घेतली. म्हणाली, "ते शुद्धीवर आले की सांगते." हसत नव्हती.

मग चष्मेवाल्यांच्या दुकानात. म्हटलं, त्या चुगलीच्या बोधाबद्दल मनापासून माफी मागते, तुमचं उदाहरण मी असं उघड द्यायला नको होतं.

त्यांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. म्हणाले, "ते माझं होतं?"

३ जानेवारी, शुक्रवार

चष्मेवाले उद्याही येतीलच. रागावलेला माणूससुद्धा शब्बाथ चुकवत नाही.

भाषण पाठ आहे. काकांचा टेम्पो रविवारी सकाळी. म्हणजे मिठीनंतर एक पूर्ण संध्याकाळ हातात आहे. बाबा कदाचित त्यांना जाऊच देणार नाहीत. प्लायवूड काढायला किती वेळ लागतो ते विचारून ठेवलं पाहिजे.

५ जानेवारी, रविवार

कालचं.

नऊ.

मुकादमांनी मोजले, पुन्हा मोजले. शब्बाथला फोन करत नाहीत, म्हणून दोघे जण चालत निघाले. चष्मेवाल्यांच्या घराला कुलूप. मामा झोपलेले. बेकरीवाल्या जुळ्याने विचारलं, तो येणार आहे का? बँकवाल्यानेही तेच विचारलं. दोघेही आले नाहीत.

मी गॅलरीच्या कठड्याशी उभी होते. वरून खाली नऊ टोप्या. तोराचं कपाट बंद. बाबा आणि काका एकाच बाकावर, दोन टोकांना. दोघेही दाराकडे बघत होते. दारात कुणाची सावली पडली की दोघांच्या माना एकदम वर होत. पाववाला होता. मग कुणीतरी पत्ता विचारायला आलेला.

बराच वेळ गेल्यावर काका समोर बघत म्हणाले, "एक कमी."

बाबा समोर बघत म्हणाले, "हं."

आजोबा गेल्यापासून निरोप्याशिवाय झालेलं त्यांचं पहिलं बोलणं. मी कठडा घट्ट धरला. मला मोजलं असतं तर दहा झाले असते.

मुकादमांनी पुस्तक मिटलं. वाचनाशिवाय होते तेवढी प्रार्थना झाली. योसेफाने ओळख दिली नाही. मी खाली आले, एक पाऊल पुढे टाकलं. मुकादम म्हणाले, "वाचन नाही तर बोध कसला, बाई? घरी जा." आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. बिस्किटांचा डबा कुणी उघडलाच नव्हता.

काका जिन्यापाशी बूट घालत होते. सांगता आलं असतं. पण आधी योसेफ नाही, काही नाही, एकदम पाचरेवर कसं यायचं? आणि बाबा पुढे निघून गेले होते. दोघं एकत्र हवेत.

आज सकाळी टेम्पो. काकूने मला जवळ घेतलं. काकांनी डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "शिकत राहा." इंजिन चालू होतं. मी म्हटलं, "काका, तो निरोप..." ते म्हणाले, "जाऊ दे आता. त्याचं त्याच्यापाशी." टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

फोनवर सांगण्यासारखा हा विषय नाही. ते स्थिरस्थावर झाले की पत्र लिहावं.

पुढचा पाराशा वाचून ठेवला. योसेफाचा बाप, याकोब, मरतो. मग योसेफ सूड घेईल या भीतीने भाऊ बापाच्या नावाने त्याला एक निरोप पाठवतात. बाप असं बोलल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. तेही शांततेसाठीच. योसेफ ते ऐकतो आणि रडतो.

यावर बोलायचं नाही. बोलायला कुणी नाहीही.

६ जानेवारी, सोमवार

मूल्यशिक्षणाचा तास गणिताच्या सरांकडे कायमचा. टाइमटेबलमध्येच घातला.

शाळेतून वर्कशॉपवर. बाबांनी एक सांगाडा पुरा केला होता. नेहमीप्रमाणे तो एकट्याने ओढत फुटपाथवर आणला आणि पलीकडच्या बंद शटरसमोर ठेवला. हाताची धूळ झटकली. माझ्याकडे वळून म्हणाले, "त्याला सांग, ह्या वेळी डाव्या हाताला..."

मग थांबले.

मी म्हटलं, "सांगते."